घट्ट आवळलेला पुतळा सुरक्षित नसतो

‘पुतळा बबल रॅपमध्ये जितका घट्ट आवळाल तितका सुरक्षित, वर एक जाड खोका, रिकाम्या जागेत वर्तमानपत्रे आणि सहाही बाजूंना ‘नाजूक’चे स्टिकर एवढे पुरे,’ असा सल्ला सध्या शोभेच्या पुतळ्यांच्या संग्राहकांमध्ये फिरतो आहे. माझ्या मावसभावानेही तो प्रमाण मानून रेझिनचा पुतळा पार्सलने पाठवण्यासाठी बांधायला घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. पॉलिरेझिन, म्हणजे असे पुतळे ज्याचे ओततात ती कृत्रिम राळ, कठीण असले तरी ठिसूळ असते. उगारलेली तलवार, पसरलेली बोटे किंवा उडता शेला हे भाग धडापासून बाहेर आलेले असल्यामुळे गुंडाळी आवळली की तिचा ताण आधी याच टोकांवर येतो. पार्सल घराबाहेर पडण्यापूर्वीच त्यांचे सांधे ताणलेले असतात. मग खोका आपटला की जड बैठकीचा हिसका बसतो आणि सांधा तुटतो. आधार द्यायचा तो धडाला आणि बैठकीला. टोकांभोवती जागा मोकळी ठेवायची आणि सुटे होणारे भाग काढून वेगळे बांधायचे. शिवाय बबल रॅप थेट रंगावर दाबून बसवला तर, विशेषतः उष्णतेत, त्याचे गोल वळ उमटू शकतात. आत मऊ टिश्यू कागदाचा थर हवाच.

पुतळा आत हलता कामा नये, एवढे मात्र त्या सल्ल्यात खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु त्यासाठी आतल्या खोक्यात पुतळा स्थिर बसवून तो खोका बाहेरच्या खोक्यात सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर जाडीच्या मऊ भरावात ठेवावा लागतो. धक्का जिरायला अंतर मिळाले तरच त्याचा जोर कमी होतो, आणि एकाच खोक्याचा पुठ्ठा कितीही जाड असला तरी ते अंतर देत नाही.

स्टिकर लावायला हरकत नाही. सरकत्या पट्ट्यावरून घसरणाऱ्या पार्सलवरचे ते वाचणार कोण, एवढेच विचारतो. पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन या संस्थेची ७० किलोपर्यंतच्या पार्सलांसाठीची ‘३ए’ चाचणी पाहावी. तीत खोका कोपऱ्यावर, कडांवर आणि सपाट बाजूंवर पुन्हा पुन्हा पाडतात, काही वेळा ९१० मिलिमीटर उंचीवरून, आणि त्याला कंपनही देतात. पार्सल पडणारच, हे तिथे गृहीत धरलेले आहे.

वर्तमानपत्रे प्रवासात दबतात आणि पोकळी तयार होते. त्यांची शाई लागते ती वेगळीच. मूळ खोका व त्यातला साच्याचा थर्मोकोल शाबूत असेल तर तोच आतला खोका म्हणून वापरावा, मात्र तडा गेलेल्या थर्मोकोलवर भिस्त ठेवू नये.