मालकाचं उत्तर : फोन कुणीही हिसकावला नाही

नमस्कार सर,

आमच्या हॉलमधल्या शनिवारच्या नाटकाच्या प्रयोगाबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. एकच स्टार दिलात. प्रयोग २५ मिनिटं उशिरा सुरू झाला आणि हॉलमध्ये उकडत होतं, हे दोन्ही खरं आहे. लाईट गेली, जनरेटर चालू होईना, आणि मे महिन्यात नागपुरात पत्र्याखाली ७० माणसं बसली की काय हाल होतात ते आम्हीही भोगले. मनापासून माफी मागतो.

पण ‘तिथल्या मुलीने हातातून फोन हिसकावला, पैसे देऊन चोरासारखी वागणूक मिळाली’ हे वाचल्यापासून मला झोप नाही. त्या वेळी मी लाईटवर बसलो होतो, तुमच्या मागेच, दोन हातांवर. तिसऱ्या घंटेआधी मी स्वतः स्टेजवर येऊन हात जोडून सांगितलं होतं की फोन बंद ठेवा, शूटिंग करू नका. उशीर झाल्यामुळे तुम्ही बाहेर चहाला गेला असाल, ऐकलं नसेल, मान्य. तरी ती मुलगी दोनदा रांगेच्या टोकाशी येऊन खूण करून गेली. तिसऱ्यांदा वाकून ‘काका, प्लीज’ म्हणाली आणि स्क्रीनसमोर पंजा आडवा धरला. फोनला हात लावला नाही. ती बी.कॉम.ला आहे, आमच्याकडून एक रुपया घेत नाही.

आणि प्रसंग कोणता चालू होता तेही सांगू द्या. नाटक ज्यांच्यावर आहे ते डॉ. रामचंद्र सिरस इथेच, नागपुरात शिकले. मराठीत कविता लिहायचे, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. दोन प्रौढांनी संमतीने, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा धरता येणार नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं होतं, तरी सरांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सर घरात मृतावस्थेत सापडले.

तुम्ही फोन काढला तेव्हा तोच कॅमेऱ्याचा प्रसंग चालू होता. आमचा नट चादर छातीशी धरून ‘बंद करा, बंद करा’ म्हणत होता आणि समोर अंधारात तुमच्या फोनचा उजेड. त्याचं वाक्य तिथे तुटलं. तीन महिन्यांच्या तालमीत ते एकदाही तुटलं नव्हतं.

शूटिंग नको म्हणतो ते प्रेक्षकांसाठीही. असे संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला, पण आमच्याकडे अजूनही काही जण अंधार झाल्यावर आत येतात आणि शेवटी दिवे लागायच्या आत उठून जातात. तुमच्या व्हिडिओत अशा कुणाचा चेहरा आला तर मी त्यांना काय सांगू?

‘असली नाटकं करायला परवानगी कोण देतं’ असंही तुम्ही लिहिलंय. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आमच्या ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा. विषय पोस्टरवर छापलेला होता, अक्षर बारीक होतं हे मात्र कबूल. आता तिकीट देतानाच तोंडी सांगू.

सर, हॉलचं भाडं आणि विजेचं बिल शनिवार-रविवारच्या तिकिटांवरच निघतं. तुमचा अभिप्राय आल्यापासून एका ग्रुपने १८ तिकिटं रद्द केली.

कूलर दुरुस्तीला टाकलेत, जनरेटरचंही बघतोय. तुमच्या दोन तिकिटांचे ५०० रुपये परत हवे असतील तर संध्याकाळी ६ नंतर खिडकीवर मी असतोच. फक्त तो व्हिडिओ फोनमधून काढून टाका आणि कुणाला पाठवला असेल तर त्यांनाही काढायला सांगा. एवढी विनंती.