यामामोटो डॉक्टर आणि काकूंची बीपीची गोळी

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या काकू मोबाइल हातात धरूनच आल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "सर, माझं गरागरा फिरतंय की ओ! बीपीची गोळी आज लवकर घेऊ का?"

मोबाइलवर ते चित्र होतं. गोलगोल नक्षी, रंगीत, प्रत्येक आकाराला काळी-पांढरी किनार. एव्हाना निम्म्या सांगलीने ते बघितलं असणार. खालचा मजकूर असा: हे चित्र जपानचे न्यूरोलॉजीचे प्राध्यापक यामामोटो यांनी बनवलं आहे. स्थिर दिसलं तर तुम्ही शांत, हळू हललं तर थोडा ताण, जोरात फिरलं तर ताण फार आणि मनाचा आजार. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते स्थिर दिसतं, गुन्हेगारांना वेगाने फिरताना. त्याच्याच शेपटीला एक फिरणारी नर्तकी (उजवीकडे फिरली तर उजवा मेंदू, डावीकडे तर डावा) आणि 'आधी काय दिसलं, बदक की ससा, त्यावरून स्वभाव ओळखा' हेही जोडलेलं. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी चित्रकलेचा मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना सपाट कागदावर गोल मडकं कसं 'दिसवायचं' ते शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. डोळ्याला फसवणं हाच आमचा धंदा. त्यामुळे या मेसेजला उत्तर द्यायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालतो.

पहिले यामामोटो. या चित्रामागे असे कुणी डॉक्टर नाहीत. हे चित्र युक्रेनच्या युरी पेरेपादिया या चित्रकाराने 26 सप्टेंबर 2016 रोजी कॉम्प्युटरवर, अ‍ॅडोबी इलस्ट्रेटरमध्ये काढलं. जपानी डॉक्टरचा या चित्राशी काही संबंध नाही, हे त्यानेच पुढे जाहीर करून टाकलं. पण मेसेज जेवढा पळतो तेवढा खुलासा पळत नाही. खरा जपानी माणूस या गोष्टीत आहे, तो वेगळाच: अकियोशी किताओका. रित्सुमेइकान विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं 2003 मधलं 'फिरते साप' हे चित्र या जातीतलं सगळ्यात गाजलेलं, आणि पेरेपादियाने युक्ती उचलली ती त्यांचीच. किताओकांच्या संकेतस्थळावर ताण मोजायची सोय नाही. गरगरायला लागलं तर पान लगेच बंद करा, एवढीच सूचना आहे.

आता मुख्य गोष्ट. ते फिरतं कशामुळे?

लग्नाच्या मांडवातली पळती माळ आठवा. एकही बल्ब जागचा हलत नाही, एकामागून एक पेटतात आणि आपल्याला उजेड पळताना दिसतो. इथेही जवळपास तेच होतं. नक्षीत काळा, मग गडद, मग पांढरा, मग फिका असा रंगांच्या उजेडाचा क्रम लावलेला असतो, आणि तो सगळीकडे एकाच बाजूने. काळ्या-पांढऱ्यासारख्या ठळक कडांची खबर मेंदूला लवकर पोचते, फिक्या कडांची जरा उशिरा. ही मागेपुढे पोचलेली खबर म्हणजे हालचाल, असा हिशोब मेंदू करतो. त्यात आपला डोळा कधी पूर्ण थांबत नाही. टक लावली तरी त्याचे बारीक झटके चालूच असतात, मध्येच पापणी लवते. प्रत्येक झटक्याला माळ नव्याने पेटते.

काकूंना हे सांगून पटलं नसतं. म्हणून मोबाइल टेबलावर आडवा ठेवला आणि म्हटलं, या एका गोलाच्या मधोमध बघा, नजर हलवू नका, मी दहापर्यंत मोजतो. सातावर त्या म्हणाल्या, "थांबलं." शेजारचा गोल? "तो फिरतोय… पण तिकडं बघितलं की तोही थांबतोय!" मग परत पहिला फिरायला लागला, कारण आता तो नजरेच्या कडेला गेला होता. हे फिरणं कडेच्या नजरेतच जोरात जाणवतं.

म्हटलं, "काकू, म्हणजे तुम्ही या गोलापुरत्या शांत आणि त्या गोलापुरत्या मनोरुग्ण का?"

काकू हसल्या. पण गोळीची पट्टी अजून मुठीतच होती.

तर पुढचा मुद्दा: मुलांना स्थिर, गुन्हेगारांना वेगाने. सोमवारी आठवीच्या वर्गात चित्र दाखवलं. "सर फिरतंय, सर फिरतंय" असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले. दोघातिघांना काहीच हलताना दिसेना, ती बिचारी हिरमुसली. माणसामाणसात असा फरक असतोच. वय वाढतं तसं हे फिरणं कमी जाणवतं, हे मात्र संशोधनात दिसलेलं आहे, म्हणजे म्हाताऱ्यांबद्दलचं वाक्य अगदीच हवेतलं नाही. पण त्याचं कारण म्हातारा डोळा आणि म्हातारी मज्जासंस्था. निवृत्तीनंतर माणूस शांत होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या कॉलनीच्या सोसायटीची वार्षिक सभा बघावी.

आणि एक प्रयोग मला फार आवडतो. 2014 साली 'फिरते साप' चित्र पाण्यातल्या माशांना दाखवलं गेलं. खरोखर हलणाऱ्या नक्षीला ओळखायला शिकवलेल्या माशांनी या हलत्या भासणाऱ्या चित्रालाही तसाच प्रतिसाद दिला. झेब्राफिश होते आणि गप्पी होते. गप्पी म्हणजे तेच, डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात ते. आता गप्पीला कसला ताण? घराचा हप्ता, की पोरीचं लग्न?

थांबलेली गोष्ट हलताना दिसणं हा आजार ठरला तर पावसाळ्यात अख्खी सांगली आजारी ठरेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पाणी चढलं की आपण सगळे कठड्याला टेकून बघत उभे राहतो. अर्धा मिनिट वाहतं पाणी एकटक बघायचं आणि पटकन नजर काठावरच्या दगडावर न्यायची. दगड पाण्याच्या उलट दिशेला सरकतोय असं वाटतं. स्कॉटलंडमधल्या धबधब्यापाशी रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने हेच बघून 1834 मध्ये लिहून ठेवलं. एका दिशेची हालचाल टिपणाऱ्या पेशी बघून बघून दमतात, उलट दिशेच्या ताज्या असतात, त्यांचं पारडं जड होतं. पुराचा ताण तर असतोच आपल्याला, पण दगड सरकतो तो ताणाने नाही.

नर्तकीचं म्हणाल तर ती 2003 मध्ये नोबुयुकी कायाहारा या जपानी वेब डिझायनरने केली. (जपानी माणूस इथेही आहे, डॉक्टर इथेही नाही.) ती नुसती काळी आकृती आहे. उचललेला पाय आपल्याकडे आहे की पलीकडे, याची एकही खूण चित्रात ठेवलेली नाही. नाक नाही, घडी नाही, सावलीची छटा नाही. दोन्ही अर्थ बरोबर बसतात, मेंदू त्यातला एक धरतो आणि मनात आलं की दुसरा धरतो. संध्याकाळी चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर मावळतीच्या उजेडात लांबच्या पवनचक्कीकडे तिरपं बघा. पाती काळी दिसायला लागली की ती कुठल्या बाजूने फिरतात ते सांगता येईनासं होतं, बघता बघता उलटी फिरायला लागतात. झिनस्टेडेन या जर्मन शास्त्रज्ञाने पवनचक्कीचाच हा घोळ 1860 मध्ये नोंदवला होता. तेव्हा उजव्या-डाव्या मेंदूची भानगड कुणाच्या डोक्यात नव्हती. तसंही, 'मी उजव्या मेंदूचा' म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत युटा विद्यापीठाने 2013 मध्ये हजारावर माणसांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. अख्खा मेंदूच एका बाजूला झुकलेला, असं त्यात काही सापडलं नाही. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त चालतात, हे खरं. पण तो वेगळा विषय.

बदक-सशाचं उत्तर छोटं आहे. हे चित्र 1892 मधल्या एका जर्मन विनोदी साप्ताहिकातलं, म्हणजे मुळात गंमत म्हणूनच छापलेलं. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात लोकांना ते दाखवलं होतं. ईस्टरच्या दिवशी बहुतेकांना ससा दिसला, ऑक्टोबरमध्ये बहुतेकांना पक्षी. तिकडे ईस्टरला जिकडेतिकडे सशाची चित्रं असतात. आपल्याकडे बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी कुठलंही दोन टोकांचं चित्र दाखवा, लोकांना शिंगंच दिसतील. यात स्वभाव कुठे आला, कॅलेंडर आलं.

चित्रं दाखवून माणसाची तपासणी होतच नाही, असं नाही. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1917 मध्ये रंगीत ठिपक्यांत लपवलेल्या आकड्यांचा संच छापला, आणि मिरज जंक्शनला गाडी हाकायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला रेल्वेच्या मेडिकलमध्ये आजही रंग ओळखून दाखवावे लागतात. फरक एवढाच की इशिहारांचा आकडा एकच गोष्ट सांगतो, रंग ओळखता येतात की नाही. तुम्ही कसे आहात, याच्या भानगडीत तो पडत नाही.

चित्र बाजूला ठेवूनही खोली फिरत असेल, किंवा खिडकीचे सरळ गज वाकडे दिसायला लागले असतील, तर मात्र डॉक्टरकडे जायचं. हे मी काकूंनाही सांगितलं. त्यांनी खिडकीकडे नीट बघितलं, गज सरळ होते. गोळी रोजच्या वेळेलाच घ्यायची ठरली.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज आला. 'सर म्हणतात गप्पी माशांनापण फिरताना दिसतं. काळजी नसावी.' त्याखाली एकोणीस जणांनी हात जोडले होते, आणि विसाव्याने परत तेच यामामोटोंचं चित्र टाकलं होतं.