‘गाडी बिघडली का, सर?’

आमच्याकडच्या कॉलनीच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : आजोबा चार-चार कोस चालून बाजार करायचे आणि नातवाला कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी लागते, विचारले तर उन्हाचे निमित्त सांगतात, सरकारने मुलींना सायकली दिल्या, त्याही अडगळीत पडल्या, चालायला कुणी अडवले आहे का? मराठवाड्याचा माणूस आळशी झाला, एवढेच खरे. रोजची अंतरे थोडी असूनही आपण गाडी काढतो, हे निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी आळसाचे. कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरच्या वाटा पायी चालणाऱ्यांनी भरून जातात, आषाढी वारीसाठी पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरकडे निघते, आणि या वाटांवर चालणाऱ्याला लोक थांबवून पाणी देतात, त्याच्या पाया पडतात. तोच माणूस महिनाभराने भाजीची पिशवी घेऊन पायी निघाला, तर त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. पाय तेच असतात.

‘कुणी अडवले?’ या प्रश्नाचे उत्तर मला परभणीत माझ्याच गल्लीत मिळाले. कामाची जागा घरापासून दीड किलोमीटरवर असल्याने मी पायी जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी गाडी हळू करून विचारायचा, “गाडी बिघडली का, सर? बसा की मागं.” नको म्हटले तर त्याला वाईट वाटायचे, बसलो तर चालणे तिथेच संपायचे. महिन्याभराने प्रश्न बदलला : “शुगर निघाली का?” म्हणजे नोकरदार माणसाच्या पायी चालण्याला गल्लीला दोनच कारणे मान्य होती, गाडी बंद पडणे किंवा डॉक्टरांनी सांगणे. सायकल घेतली तेव्हा चौकशी थेट घरात आली. गाडीचा हप्ता थकला की काय, असे पत्नीला आडून विचारले गेले. जिथे सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलाकडे गाडी कोणती’ हे विचारले जाते, तिथे सायकलवर दिसणे हा घराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. हे सगळे प्रेमाने चालते, म्हणून त्याला अडवणे म्हणायला जीभ रेटत नाही.

मुलींच्या सायकलींबद्दल मजकुरात अर्धेच सांगितले आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. माझ्या पुतणीलाही मिळाली आणि दहावीपर्यंत तिने ती रोज दामटली. मग फाट्यावरच्या टपरीसमोर कुणीतरी काहीतरी बोलले, ते फिरून घरी आले, आणि मोठ्यांनी ठरवले की तिला वडील मोटारसायकलवर सोडतील. आता वडिलांना शेतात काम निघाले की तिचे कॉलेज बुडते. सायकल गोठ्यात टांगलेली आहे, टायरला भेगा गेल्या आहेत. टपरीवर बसणाऱ्यांना मात्र कुणी उठवले नाही. मुलांच्या बाबतीत तर उलटेच चालते : सायकल धोक्याची म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला स्कूटी देतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून नियम मोडल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या वेळी कुणालाच आठवत नाही.

उन्हाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा बेचाळिशीपार जातो हे खरे, पण डिसेंबरातल्या सकाळीही रस्त्यावर गाड्याच दिसतात.

राहिला रस्ता. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पादचारी मार्गाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, असे स्पष्ट केले. आमच्या कॉलनीत ती रुंदी ओटे, जिन्याच्या पायऱ्या, झाकण घातलेल्या चारचाक्या आणि फाटकांसमोरचे उतार यांनी वाटून घेतली आहे. पहाटे फिरणारे मोकाट कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवतात. दुपारी नालीवरच्या फुटक्या ढाप्यापाशी म्हातारी माणसे थबकतात आणि मागून गाडी येत नाही ना, हे पाहून रस्त्यात उतरतात.

आमच्या गटावर हा मजकूर ज्यांनी टाकला, त्यांच्या फाटकाचा उतार नाली ओलांडून चार फूट रस्त्यात आला आहे. त्याला वळसा घालूनच मी रोज कामावर जातो.