राजीनामा द्या, गट नंबर घ्या

राजीनामा द्यायचाच असेल तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास द्या. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, मार्चअखेरची पगारवाढ पदरात पडलेली, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत बहिणी माहेरी आलेल्या असतात. त्यांच्याशी आपलं काम आहे. ते ओघात येईल.

राजीनाम्याचं कारण शोधत बसू नका. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे जमा होणं ही गुलामी आहे, हे तुम्हाला मोबाइलवर कुणीतरी आधीच पटवून दिलेलं आहे. पटवणाऱ्याचं स्वतःचं पोट जमिनीवर चालतं की तुम्ही भरलेल्या कोर्सच्या फीवर, असल्या खोलात शिरू नये. श्रद्धा पातळ होते.

हिंजवडीतलं भाड्याचं घर सोडून, टेम्पोत फ्रिज-कपाट टाकून तुम्ही जळगावात उतराल, तेव्हा ओट्यावरचे लोक विचारतीलच, "नोकरी सोडी दिन्ही? आते काय करशी?" तुम्ही छाती काढून सांगायचं, "रिअल इस्टेट." त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही. मनाला लावून घेऊ नका. खान्देशात हा धंदा निवृत्त ग्रामसेवक करतो, पानटपरीवाला करतो, लग्नातला आचारीही पंगती उठल्यावर करतो. प्रत्येकाच्या खिशात एखादा गट नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारदरबारचा क्रमांक, असतोच. हे सगळे फावल्या वेळात करतात आणि तुम्ही चांगला पगार सोडून करणार, एवढाच तुमचा वेगळेपणा. तो जपा. (अविवाहित असाल तर बायोडेटावर 'गुंतवणूकदार' असं लिहा. मुलीकडचे 'म्हणजे नोकरी नाही ना?' असं विचारतील, पण ते जुन्या विचारांचे असतात.)

आता भांडवल. बँकेत जायचं ते राजीनाम्यानंतरच. आधी गेलात तर कर्ज मिळण्याचा धोका असतो. नंतर गेलात की साहेब गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म सोळा मागतात. ते नाही म्हटलं की दोन-तीन वर्षांची धंद्याची विवरणपत्रं मागतात. धंदा तर परवाच सुरू झालेला असतो. ज्या पगाराला तुम्ही बेडी म्हणत होतात, त्याच्याकडे बघूनच बँक कर्ज देते, हे कळायला वातानुकूलित शाखेत तासभर बसावं लागतं. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतात, त्यामुळे तेवढा वेळ सत्कारणी लागतो.

समजा, ओळखीपाळखीनं कर्ज मिळालंच. चाळीस लाखांचा फ्लॅट घ्या, त्यात तीस लाख बँकेचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता येतो सव्वीस हजारांच्या घरात. भाडं, भाडेकरू सज्जन निघाला तर, नऊ-दहा हजार. म्हणजे 'घरबसल्या उत्पन्न' चालू ठेवायला दर महिन्याला सोळा हजार पदरचे घाला, शिवाय घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, आणि मधले दोन महिने फ्लॅट रिकामा. पूर्वी ही तूट पगारातून भरली असती. आता ती भरायला आणखी एक फ्लॅट घ्या.

म्हणून जाणते लोक फ्लॅटच्या नादी लागत नाहीत, प्लॉट धरतात. प्लॉट भाडं देत नाही, पण भांडतही नाही असं म्हणतात. (भांडतो. पण ते पुढं.) आणि इथं बहिणी येतात.

वडिलांच्या नावावर जामनेर किंवा पारोळ्याकडं तीन-चार एकर असतीलच. ते विकून शहरात प्लॉट घ्यायचे, ही रीत. जमीन वडिलोपार्जित म्हटली की मुलींचा हिस्सा आला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो मुलग्यांइतकाच केला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगून टाकलं. तेव्हा आखाजीला बहिणी आल्या, अंगणात झोके बांधले, गौराईची गाणी झाली, खापरावरचे मांडे आणि आमरस झाला, की सगळे सुस्तावलेले असताना हक्कसोडपत्र पुढं करा. सोबत साडी. साडी चांगली घ्या, एकरी भाव बघता तेवढं परवडतं. बहीण म्हणेल, "भाऊ, माहेर तुटायला नको." तुम्ही म्हणा, "तेच तर." आणि पेन द्या.

पैसा हातात आला की एजंट आपोआप उगवतो. तो तुम्हाला गाडीत घालून लेआउट दाखवायला नेईल, आणि वाटेत तुम्ही एक नवा भूगोल शिकाल. या भूगोलात गावं नसतात, 'टच' असतात. हायवे टच, बायपास टच, एमआयडीसी टच, विद्यापीठ टच. बांभोरीचं विद्यापीठ काही जागचं हलत नाही, पण त्याला टच असलेल्या जमिनी दरवर्षी आणखी लांब सरकत असतात. धुळ्याकडं गेलात तर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीचं नाव निघेल, दिल्ली-मुंबई कॉरिडॉरचं निघेल, आणि मग मनमाड-इंदूर रेल्वेचं. ही रेल्वे म्हणजे प्लॉटधंद्यातलं कुलदैवत. पिढ्यान्पिढ्या लोकांनी तिची मागणी केली आणि रुळाचा पत्ता नसताना तिच्या शिट्टीवर जमिनींचे सौदे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की गाडी येणार म्हणून जो भाव वाढायचा तो तुमच्या आजोबांच्या काळापासून वाढतोच आहे. तुम्हाला आता तो मोजून द्यायचा आहे. शिवाय मार्ग नेमका तुमच्या प्लॉटजवळून जावा आणि प्लॉटमधून जाऊ नये, अशीही प्रार्थना करावी लागते.

जागा पसंत पडली की सौदा शेवभाजीवर बसवायचा. हायवेवरच्या ढाब्यात तर्रीवाली वाटी समोर आली की कागदपत्रांबद्दल फार विचारू नये, तोंड पोळतं. तरी विचारायची खोड असेलच तर महारेराचा, म्हणजे बांधकाम-प्लॉट प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर विचारा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि विकणाऱ्या एजंटाचीही. एजंट हसून आपला मोबाइल नंबर देईल. त्यातही आकडेच असतात, लिहून घ्या.

मग 'एनए', म्हणजे बिगरशेती, हा शब्द येईल. प्लॉट तीन प्रकारचे असतात: एनए झालेला, एनए न झालेला आणि 'एनए होऊन जाईल' असा. खरेदी तिसऱ्याचीच करा, स्वस्त पडते. शेतजमिनीचा दोन-चार गुंठ्यांचा तुकडा सुटा विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, त्याच्या मर्यादा मधूनमधून बदलत असतात, आणि 'आता सगळं मोकळं झालं' ही बातमी एजंटाकडं शासनाच्याही आधी येते. तोपर्यंत आठ-दहा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईकात चढवायची. त्यातला एक वारला, एकानं बँकेचा बोजा चढवला, एक दुबईला गेला, की तुमचं त्या सर्वांशी रक्ताच्या नात्याहून घट्ट नातं जुळतं. काहींना तर साठेखतही (पुढं खरेदी करण्याचा करार) जड वाटतं. ते नोटरीच्या कागदावरच 'जमीन घेतात'.

तळोदा-अक्राणीकडं डोंगराच्या पायथ्याशी फार्म हाऊस काढायची हौस असेल, तर आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायला जमीन महसूल संहितेतलं कलम ३६ आणि ३६-अ वाचून घ्या. 'सगळं सेट आहे' असं सांगणारा माणूस भेटला की त्याला चहा पाजून घरी या. हे उपरोधानं लिहिलेलं नाही.

पैसे देताना 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' असे दोन ढीग करावे लागतील: कागदावर दाखवायचे आणि गुपचूप रोखीनं द्यायचे. तुम्ही नोकरीत होता तेव्हा दोन नंबर हा शब्द फक्त शौचालयाच्या संदर्भात ऐकलेला असतो, म्हणून आधी गोंधळ होईल. व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, असं आयकर कायद्यानं २०१५ पासून लिहून ठेवलं आहे. पण एजंट म्हणेल, "साहेब, इकडं सगळे असंच करतात." हे मात्र खरं बोलतो तो. पुढं विकताना गंमत कळते: कागदावर तुम्ही प्लॉट घेतला अर्ध्या किमतीला, म्हणून तुमचा नफा कागदावर फुगलेला, आणि कर त्या फुगलेल्या नफ्यावर.

कराचं निघालंच आहे तर हेही ऐकून ठेवा. नोकरी करणाऱ्या माणसानं २०२४ च्या जुलै अखेरीनंतर घेतलेला एखादा प्लॉट दोन वर्षं ठेवून विकला, तर त्याच्या नफ्यावर दीर्घ मुदतीचा साडेबारा टक्के कर. तुम्ही पूर्णवेळ प्लॉट घ्यायला-विकायला बसलात, की तो तुमचा धंदा धरला जातो आणि नफा धंद्याचं उत्पन्न म्हणून थेट तीस टक्क्यांच्या पट्टीपर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या कॉलनीतले मास्तर शाळा सांभाळून कमी कर भरतात आणि तुम्ही नोकरी सोडून जास्त. राष्ट्राप्रती तुमचं योगदान वाढलं.

खरेदीखत झालं, पेढे वाटले, आता मोजणी. भूमी अभिलेखचा माणूस येईल त्या दिवशी शेजारचा शेतकरी हमखास बांधावर हजर असतो आणि तुमची खूण त्याच्या कपाशीत निघते. मोजणी पुन्हा. तारीख पुन्हा. मग तार-कंपाउंड घाला. पक्की भिंत बांधायची तर पाया खोल घ्या: तापी-गिरणेच्या खोऱ्यातली ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि भिंतीला बरोबर घेऊन जाते. कपाशीच्या आणि केळीच्या दृष्टीनं हिच्यासारखी माती नाही. म्हणून तर शहाण्या लोकांनी तिच्यात केळी लावली होती, तुम्ही येईपर्यंत.

आणि एक दिवस पोस्टानं नोटीस येईल. जमीन ज्यानं विकली त्याच्या बहिणीची. तिची सही राहिली होती म्हणे. तुम्ही तुमच्या बहिणींच्या सह्या व्यवस्थित घेतल्या, पण सगळेच भाऊ तुमच्यासारखे कर्तव्यदक्ष नसतात. आता दिवाणी न्यायालयात तुम्ही उभे राहून, वकिलाच्या तोंडून, बहिणीचा हक्क कसा संपतो यावर जे बोलाल ते घरातल्या बायकांसमोर बोलू नका. आखाजी दरवर्षी येते.

एवढं सगळं करून फायदा होतो का? होतो तर. प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांनी 'पाच लाखांचा प्लॉट पंधरा वर्षांत वीस लाखांना' विकलेला असतो. चौपट! हा आकडा ऐकून तर तुम्ही राजीनामा लिहिलात. कॅल्क्युलेटर काढू नका. काढलात तर तो वर्षाला पावणेदहा टक्क्यांच्या आत-बाहेर निघतो, त्यातून मुद्रांक शुल्क, दलाली, घरपट्टी आणि भिंत वजा जाते. जळगावकर म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट बोचेल. २०१० च्या सुमारास सोनं तोळ्याला साडेअठरा हजारांच्या आसपास होतं आणि २०२५ मध्ये लाखाच्या वर गेलं. म्हणजे काकूंनी त्याच पाच लाखांचं सोनं सराफ बाजारातून आणून डब्यात ठेवलं असतं, तर पाचपटीच्या वर झालं असतं. ना मोजणी, ना नोटीस. पण काकूंना सेमिनारला कुणी बोलवत नाही.

शेवटी विकायची वेळ येईल. हप्ते थकले की ती लवकर येते. तेव्हा गिऱ्हाईक नीट ओळखायला शिका. ते दुसरा गुंतवणूकदार कधीच नसतं, त्याचेही प्लॉट विकायलाच काढलेले असतात. गिऱ्हाईक म्हणजे भुसावळला रेल्वेत असलेला माणूस, वरणगावच्या आयुध निर्माणीतला, दीपनगरच्या वीज केंद्रातला, जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि त्यांच्या नोकरी करणाऱ्या बाई, नाहीतर पुण्यातल्या कंपनीत राहून गावी एखादी जागा असावी म्हणणारा. यांच्याकडं पगाराच्या स्लिपा असतात, बँक यांना बसायला खुर्ची देते.

असं जोडपं रविवारी सकाळी स्कूटीवरून प्लॉट बघायला येईल. त्यांना सावलीत उभं करा, पाणी द्या, 'रेल्वे टच' आहे म्हणा. साहेब लेआउटकडं बघत हळूच म्हणतील, "तुमचं बरं आहे हो, साहेब नाही, हजेरी नाही. माझ्याही डोक्यात चाललंय, नोकरी सोडून यातच पडावं."

त्यांना चक्क सांगा, असला वेडेपणा करू नका. निदान खरेदीखत होईपर्यंत तरी.