‘आधी आत तर शीर, मग बघू’

जळगाव-धुळ्याकडे पोरगं फायनान्स शिकायला परदेशी निघालं की एक सल्ला हमखास मिळतो: "कोणत्याही खात्यात का होईना, मोठ्या बँकेत आधी आत तर शीर भो, मग सरकता येईल." सल्ला देणाऱ्याचं चूक नाही. जिल्हा परिषदेत किंवा वीज कंपनीत एकदा चिकटलं की टेबल बदलतं, तालुका बदलतो, हे त्याने पाहिलेलं असतं. दुसरा पक्ष म्हणतो, तिकडे वशिला चालत नाही, बसवतील तिथेच घासावं लागतं. इथे लंडनच्या गुंतवणूक बँकांमध्ये मात्र दोन्ही म्हणणी अर्धीच लागू पडतात. सरकता येतं, पण इंटर्नशिप चालू असताना सहसा नाही.

कारण साधं आहे. उन्हाळी इंटर्नशिप नऊ-दहा आठवड्यांची. प्रत्येक विभागाने किती इंटर्न घ्यायचे आणि त्यातल्या किती जणांना पक्की नोकरी द्यायची, याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. ऑपरेशन्समधला (झालेल्या व्यवहारांची नोंद-पूर्तता बघणाऱ्या खात्यातला) इंटर्न कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या टीममध्ये गेला तर तो त्याच टीमच्या एखाद्या इंटर्नची जागा खाणार. ते कोणाला आवडेल? ट्रेडिंगकडे काही बँका दोन-तीन डेस्कवर, म्हणजे छोट्या टीममध्ये, फिरवतात, पण ते फिरणं त्याच विभागाच्या आत. त्याला बदली समजू नये.

दुसरी अडचण जास्त कडक आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत ती येतच नाही. बँकेत दोन बाजू असतात. विलीनीकरण आणि भांडवल उभारणीच्या टीमना कंपन्यांची जाहीर न झालेली माहिती असते. ट्रेडिंग आणि संशोधनाला ती असता कामा नये. २००३ मध्ये अमेरिकेत दहा मोठ्या बँकांशी नियामकांची तडजोड झाली, तेव्हापासून संशोधन आणि बँकिंगमधली भिंत आणखी जाड झाली. युरोपात २०१६ पासून लागू झालेल्या बाजार गैरवापर नियमांप्रमाणे, आणि आता ब्रिटनच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेही, अशी माहिती असणाऱ्यांची नावं यादीत लिहावी लागतात. भारतात सेबीच्या २०१५ च्या नियमांत अशाच नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत. इंटर्न या यादीतून सुटत नाही. एखाद्या सौद्याच्या फाइलवर तीन आठवडे बसलेल्या पोराला लगेच ट्रेडिंग डेस्कवर पाठवायला कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का बघणारं खातं, तयार होत नाही. सौदा जाहीर होईपर्यंत किंवा माहिती शिळी होईपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून दुसऱ्या डेस्कवरच्या माणसाला भेटीसाठी लिहिताना "सध्या अमुक सौद्यावर काम करतोय" असं चुकूनही लिहू नये; सौद्याचं सांकेतिक नावसुद्धा नको. कामाचा नमुना दाखवायचा तर ऑफिसातलं एक्सेल मॉडेल पुढे पाठवू नये. एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन घरी नवं मॉडेल बांधावं. बडतर्फ व्हायला एक फॉरवर्ड पुरतो.

मग करायचं काय? पहिला आठवडा प्रशिक्षणात जातो. त्यानंतर आठवड्याला दोन भेटी, वीस मिनिटांच्या, कॉफीवर. त्यात तीन गोष्टी काढून घ्यायच्या: डेस्कवर दिवसभर खरं काम काय चालतं, पुढच्या वर्षी जागा आहे का, आणि निर्णय कोण घेतं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि ज्याच्या हातात काही नाही अशा ॲनालिस्टच्या (सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाच्या) मागे महिना घालवतात. मधला आढावा साधारण पाचव्या आठवड्याच्या आसपास होतो. तो चांगला जाईपर्यंत बदलीचा शब्द काढू नये. नंतर आधी आपल्या मॅनेजरला सांगावं, मग एचआरच्या इंटर्न बघणाऱ्या माणसाला. क्रम उलटा झाला की मॅनेजरला बातमी बाहेरून कळते, "याचं मन इथे नाही" असा शेरा बसतो, आणि धड इथली ऑफर नाही, धड तिथली. सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे आहे त्या विभागाची ऑफर हातात घेऊन मगच दुसरीकडे मुलाखत द्यायला मिळेल का, हे विचारणं. नाही म्हणाले तर रुजू व्हायचं. बहुतेक बँकांत वर्ष-दीड वर्षानंतर अंतर्गत जागांसाठी अर्ज करता येतो.

आता वशिल्याचं. ओळखीशिवाय भेट मिळत नाही हे खरंच आहे, उगाच सोवळेपणा नको. पण ओळख मुलाखतीच्या दारापर्यंत नेते. आत चार-पाच जण वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि आपापलं मत लेखी देतात. एकाचा नकार बाकीच्यांच्या होकारावर भारी पडू शकतो.

खान्देशातून कर्ज काढून एक वर्षाच्या एमएस्सीला येणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे, तो एजंट सहसा सांगत नाही. त्यांचा उन्हाळा प्रबंधाचा, म्हणजे कायद्याने सुट्टी नव्हे. स्टुडंट व्हिसावर तेव्हाही आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे पूर्णवेळ उन्हाळी इंटर्नशिप जमत नाही. त्यांनी कोर्स संपल्यानंतरची, तीन ते सहा महिन्यांची ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळ्याच्या ठरलेल्या वेळेबाहेरची, इंटर्नशिप शोधावी. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर) असताना विभाग बदलून कामाचा व्यवसाय-कोड, म्हणजे व्हिसासाठी कामाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, बदलला, तर बँकेकडून नवं प्रायोजन प्रमाणपत्र आणि नवा अर्ज लागतो. खर्च कोण करणार, हे होकार देण्याआधी लेखी घ्यावं.

आणि "पुण्याच्या ऑफिसातून लंडनच्या फ्रंट ऑफिसला" हा बेत? फ्रंट ऑफिस म्हणजे थेट ग्राहक आणि बाजाराशी काम करणारे, विलीनीकरण किंवा ट्रेडिंगसारखे विभाग. पुण्यात परदेशी बँकांचं काम मुख्यतः तंत्रज्ञान, ऑपरेशन्स आणि जोखीम व्यवस्थापनाचं. तिथून एका उडीत देशही बदलायचा आणि विभागही, म्हणजे दोन्हीकडच्या मॅनेजरांचा, कम्प्लायन्सचा आणि व्हिसाचा होकार एकाच वेळी जुळवायचा. आधी मुंबईच्या फ्रंट ऑफिसला जावं किंवा आधी त्याच विभागातून लंडनला यावं. एका वेळी एकच बदल मागितला, तर नकार नेमका कुठून आला हे तरी कळतं.