लिनक्स बंद होताना दीड मिनिट अडकलं, म्हणजे हार्डडिस्क गेली?

सोलापुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. लिनक्स बंद होताना दीड मिनिट अडकलं की हार्डडिस्क संपत आली समजा आणि पॉवर बटण दाबून धरा. बंद होताना वाट पाहण्याची ती ९० सेकंदांची मुदत कायमची ५ सेकंदांवर आणा. मशीन सुरू होताना जे चालवायचं ते आरसी डॉट लोकल या फाइलमध्ये टाका, चालतंच. टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) बूटला, म्हणजे मशीन सुरू होताना, चालत नसेल तर ओएस करप्ट, फॉरमॅट मारा. खाली 'अनुभवाचे बोल' अशी सहीही आहे. टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं बिलिंग ज्यांच्या लिनक्स सर्व्हरवर आहे, त्यांनी हे करण्याआधी एवढं वाचावं.

हार्डडिस्कपासून सुरू करू. पडद्यावर 'ए स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' असं येतं आणि त्यापुढे अडकलेल्या सेवेचं (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव असतं. तेच नाव कुणी वाचत नाही. सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम, प्रत्येक सेवेला आधी 'आवरतं घे' असा टर्म सिग्नल देतो, साधारण ९० सेकंद थांबतो आणि मग किल सिग्नलने संपवतो. दीड मिनिट आलं ते इथून. अनेकदा अडलेलं असतं ते नेटवर्कवरचं एखादं शेअर (दुसऱ्या मशीनवरचं सामायिक फोल्डर), ज्याचं पलीकडचं मशीन कुणीतरी आधीच बंद केलेलं असतं. डिस्क खरंच जात असेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत आय-ओ एरर, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या चुका, दिसतात; डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल सांगतं.

नाव वाचायचं राहिलं तर पुढच्या बूटनंतर नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेला 'डॅश बी डॅश १' द्या, मागच्या वेळच्या नोंदी मिळतात. मात्र व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाची डिरेक्टरी नसेल तर त्या नोंदी मेमरीतच राहतात आणि मशीनबरोबर जातात. ती डिरेक्टरी आजच करून ठेवा.

बटण दाबून धरल्यावर काय होतं? ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमचं (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचं) जर्नल त्या मांडणीचा सांगाडा सांभाळतं, अर्धवट लिहिलेलं बिल नाही. अगदीच अडकलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबा. सिस्टिमडी सेवांची वाट पाहणं सोडून, फाइलसिस्टिम उतरवून रीबूट करतो.

आरसी डॉट लोकल 'चालतंच' हे तर साफ चूक. उबुंटू या लिनक्सच्या १८.०४ आवृत्तीत ही फाइल मुळात येतच नाही. तुम्ही केली तर तिला एक्झिक्यूटची परवानगी हवी, नाहीतर सिस्टिमडी तिच्याकडे बघतही नाही. जुन्या मशीनवर ती असते, पण शेवटी 'एक्झिट ०' (इथेच संपव) असतं आणि लोक आपली ओळ नेमकी त्याखाली चिकटवतात! तिथवर कुणी पोहोचतच नाही.

आता टर्मिनलचा मुद्दा, कारण खरी गल्लत इथे आहे. टर्मिनलमध्ये तुमचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्याची यादी), तुमचं होम फोल्डर, बॅशआरसी या तुमच्या सेटिंगच्या फाइलीतल्या सगळ्या सोयी हाताशी असतात. बूटच्या वेळी यातलं काही नसतं आणि चालू डिरेक्टरी रूट, म्हणजे सगळ्यात वरची, असते, त्यामुळे फाइलीचा अर्धवट लिहिलेला पत्ता सापडत नाही. डेबियन-उबुंटूवर स्क्रिप्ट चालवणारा एसएच म्हणजे टर्मिनलमधला बॅश नव्हे, डॅश नावाचा साधा शेल. उबुंटूने हा बदल २००६ मध्ये ६.१० ला केला, तरी बॅशलाच कळणाऱ्या दुहेरी चौकटी कंसांच्या स्क्रिप्ट अजून एसएचला दिल्या जातात. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणली असेल तर पहिल्या ओळीच्या टोकाला न दिसणारं चिन्ह राहतं आणि सेवेची स्थिती सांगणारी 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ही आज्ञा चूक क्रमांक २०३ दाखवते. हे सगळं रीबूट न करता तपासता येतं: 'एन्व्ह डॅश आय'ने मोकळं वातावरण देऊन स्क्रिप्ट चालवा.

शिवाय आपल्याकडची वीज. मे महिन्यात दुपारी ती जाते, येते, आणि सर्व्हर व राउटर एकदमच उठतात. सर्व्हर आधी तयार होतो, नेटवर्क नसतं, स्क्रिप्ट आपटते. नंतर माणूस हाताने चालवतो तर बिनबोभाट चालते. मग दोष ओएसचा! सेवेच्या फाइलीत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट (सिस्टिमडीचा 'नेटवर्क लागलं' हा टप्पा) 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' अशा दोन्ही ओळींत लिहा. नुसतं 'नेटवर्क' टार्गेट पुरत नाही.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात: त्यात कारण सांगणाऱ्या नोंदीच पुसल्या जातात आणि तीच बिघडलेली स्क्रिप्ट नव्या मशीनवर परत येते. बूटच होत नसेल तर ग्रबमध्ये (सुरुवातीच्या बूट मेन्यूत) 'ई' दाबून रेस्क्यू टार्गेट, म्हणजे दुरुस्तीपुरतं बूट, द्या. काढून टाकलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) राहिली असेल तर तिला 'नोफेल' (नसली तरी पुढे जा) जोडा.

राहिली ५ सेकंदांची गोष्ट. मारियाडीबी या डेटाबेसच्या सेवेत थांबण्याची मुदत ९०० सेकंद वेगळी लिहिलेली असते, तिला तुमच्या ५ ने काही होत नाही. फटका बसतो तो तुम्ही स्वतः लिहिलेल्या सेवांना, म्हणजे संध्याकाळी बंद करताना बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला. पाचव्या सेकंदाला ती मारली जाते आणि बॅकअप अर्धा राहतो. एकूण मुदतीला हात न लावता त्या एका सेवेत थांबण्याची मुदत दहा मिनिटं करा. ती वनशॉट (एकदा चालून संपणारी) असेल तर 'रिमेन आफ्टर एक्झिट' हवंच, नाहीतर थांबवताना चालायची आज्ञा सेवा सुरू होताक्षणीच चालून मोकळी होते. बंद होण्याचा क्रम सुरू होण्याच्या उलट असतो, म्हणून इथेही नेटवर्कची 'आफ्टर' ओळ लागते. ती असली तरच नेटवर्क बॅकअपनंतर उतरतं.