‘बाउलमधला मासा, शून्य कटकट’: जरा थांबा

शाळेला सुट्टी लागली की हा मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘मुलांसाठी शून्य कटकटीचा फिशटँक! काचेचा बाउल घ्या, एक फायटर किंवा दोन गोल्डफिश सोडा, पाण्यात लकी बांबू नाहीतर मनी प्लांट बुडवा. फिल्टर नको, पंप नको, झाडं ऑक्सिजन देतात. दर रविवारी सगळं पाणी बदला, खडे साबणाने धुवा, बाउल खिडकीत उन्हाला ठेवा. झालं!’ आठवड्याभरात बऱ्याच घरांत खरंच ‘झालं’ असतं, माशाचं.

‘छोटं भांडं, कमी काम.’ नेमकं उलट आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तीन लिटरच्या बाउलमध्ये जो अमोनिया जीव घेईल, तोच पन्नास लिटरमध्ये पसरला तर तुम्हाला चूक सुधारायला वेळ मिळतो. नवशिक्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक घ्यावा. त्यात साधारण 50 लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 50 किलो, तेव्हा टीपॉयवर ठेवू नका. फायटर वर येऊन हवेतला श्वास घेतो म्हणून बाउलमध्ये तगतो, पण अमोनियाने कल्ले त्याचेही जळतात. गोल्डफिश तर वीतभर वाढणारा, दहा वर्षं सहज जगू शकणारा मासा. बाउल त्याचं घर नव्हेच.

‘झाडं ऑक्सिजन देतात.’ देतात, उजेड असेपर्यंत. रात्री तीही ऑक्सिजन घेतातच, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. त्यात आपला उन्हाळा: 20 अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते तुम्हाला सुप्रभात म्हणत नसतात. साधा स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप लावा.

झाडांचं खरं काम वेगळंच आहे. ती अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. पण झाड पाण्यातलं हवं. लकी बांबू पूर्ण बुडवला की सावकाश कुजतो. मनी प्लांटबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे: मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवलीत तर उत्तम, बुडवलीत तर चिखल. पाण्यातल्या झाडांपैकी व्हॅलिसनेरिया वाळूत लावा. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, नुसतं तरंगत ठेवलं तरी वाढतं. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधा; त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं. यांतल्या एकालाही कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही.

‘दर रविवारी सगळं पाणी बदला.’ संपूर्ण मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच, आणि तो मी स्वतः इमानेइतबारे पाळलेला आहे. रविवारी टँक लख्ख, मंगळवारी मासे उताणे. वाळूवर, स्पंजात, पानांवर जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट. साबण किंवा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन म्हणजे त्या वस्तीवर बुलडोझर. म्हणून दहा-पंधरा दिवसांनी फक्त पाव हिस्सा पाणी बदला. नवं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन टाका. स्पंज नळाखाली धरू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. साबण तर त्या खोलीतही नको.

ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता झाडं लावून, फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाणं टाकत बसायचं; ते कुजून सुटणारा अमोनिया जिवाणूंना पोसतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया वाढून पुन्हा शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य झालं की मासे. घरात लहान मूल असेल तर हा महिना कठीण जातो, हे कबूल. झाडांबरोबर एखादी गोगलगाय फुकट येते, तिच्यावर वेळ मारून न्या.

उन्हाचं म्हणाल, तर खिडकीत आठवड्याभरात हिरवं पाणी मिळेल. साधा एलईडी सहा-सात तास पुरे.

मासे कोणते? सहा-आठ झेब्रा डॅनिओ. भारतातलाच मासा, काटक, आपल्याकडच्या बहुतेक घरांत त्याला हीटरही लागत नाही. गप्पीचा जोडा आणलात तर दिवाळीपर्यंत त्यांची पिल्लं वाटत फिराल.

एक मात्र मान्य: पंप रात्री गुरगुरतो. त्याच्याखाली स्पंजाचा तुकडा ठेवा आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी असू द्या, नाहीतर वीज गेली की टँकमधलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.